केक नको, अंधार द्या: सोलापुरातल्या एका ‘प्रायव्हेट थिएटर’चा अनुभव

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्यांची सुटका. पाचपैकी तीन. वाढदिवस करायचा असेल तर चार. थ्रिलर पिच्चर पहिल्या मिनिटापासून नीट बघायचा असेल तर अडीच, आणि एसी बंद करून घामात बसायची तयारी असेल तर साडेतीन.

नाव मुद्दाम देत नाही. जुळे सोलापूर, होटगी रोड या अंगाला अशी बरीच निघालीत: कॉम्प्लेक्सच्या वरच्या मजल्यावर दोन-तीन खोल्या, प्रोजेक्टर, रिक्लायनर सोफे आणि तीन तासांचा स्लॉट. खाली जे लिहिलंय ते त्यातल्या कुठल्याही ठिकाणी जाऊन तुम्हाला ताडून बघता येईल.

मी साउंडवाला. लग्नं, गणपती, जयंत्यांच्या मिरवणुका, गड्ड्याच्या यात्रेत कुणाच्या पाळण्याचा भोंगा. वर्षातला बराच काळ माझ्या कानात बेस घुमत असतो. डेसिबल मीटर माझ्याकडं आहे, पण ते हौसेचं नाही, नोटिशींच्या धाकानं घेतलेलं. त्यामुळं काउंटरवरचा मुलगा “काका, आपला बेस एक नंबर, सीट हलते” असं म्हणाला तेव्हा मला काही वाटलं नाही. सीट मीही हलवतो. नवरदेवाचं घोडंसुद्धा हलवतो. आवाज वाढवायला पैसे लागतात, डोकं नाही. मला थ्रिलर आवडतात ते नेमक्या उलट्या कारणानं. त्यांची पहिली दहा मिनिटं बहुतेक वेळा बारीक आवाजात चालतात, आणि तेवढ्यातच माणूस खुर्चीच्या कडेला येऊन बसतो.

म्हणून ठरवलं, या थिएटरची परीक्षा घ्यायची ती फक्त सुरुवातींवर. पूर्ण पिच्चर एकही नाही. थ्रिलरची सुरुवात खोलीकडं दोनच गोष्टी मागते, काळोख आणि शांतता. बाकी सगळं पिच्चर स्वतःच घेऊन येतो.

बुकिंगच्या फॉर्मवर प्रसंग विचारतात. बर्थडे, ॲनिव्हर्सरी, प्रपोजल, डोहाळजेवण. ‘पिच्चर बघणे’ हा पर्याय थिएटरच्या फॉर्मवर नाही. मग फोन आला.

“काका, केक अर्ध्या किलोचा की एक?”

“केक नको.”

“फॉग एंट्री?”

“नको.”

“पाकळ्या टाकू का मग खाली?”

“अरे बाबा, नुसता अंधार दे.”

“अंधार तर आहेच की काका, फ्री.”

नव्हता. त्याचं पुढं सांगतो. सहा जणांपर्यंत तीन तासांचे 1,500 रुपये. सजावट घ्या किंवा नका घेऊ, दर तोच. बाहेरचं खाणं चालत नाही. केक बाहेरचा चालतो, कडक भाकरी आणि शेंगाचटणी चालत नाही. हा नियम सोलापुरात कुणी केला असेल, देव जाणे.

आम्ही पाच जण होतो. मी, बायको, मेहुणा, इंजिनिअरिंगला असलेली भाची आणि पूर्व भागातला माझा यंत्रमागवाला मित्र. या मित्राची एक गंमत आहे. मागाच्या खडखडाटात उभं आयुष्य गेल्यामुळं त्याला बोलणं ओठांवरून आणि हातांवरून वाचायची सवय. बारीक आवाज त्याला जरा कमी येतात, पण पडद्याच्या कोपऱ्यात काय हललं ते त्याला आमच्या आधी दिसतं. त्या दुपारी त्याचा फार उपयोग झाला.

पहिला नंबर ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’चा, 1958 सालचा. सुरुवातीला पडद्यावर फक्त दोन हात आणि एक टाइम बॉम्ब. हात घड्याळ फिरवतात. माणूस पळत जाऊन बॉम्ब एका गाडीच्या डिकीत ठेवतो. एक म्हातारा आणि एक बाई हसत येतात, गाडीत बसतात आणि निघतात. इथून कॅमेरा वर उचलला जातो, घरांच्या छपरांवरून सरकतो, रस्त्यावर उतरतो, गाडीला गाठतो, सोडतो, पुन्हा गाठतो. तीन मिनिटांच्या वर एकही कट नाही. मेक्सिको-अमेरिका सीमेवरचं गाव. चार्लटन हेस्टन आणि जेनेट ली हे नवरा-बायको चालत निघालेत, आणि ती गाडी कधी त्यांच्या पुढं, कधी मागं, कधी अगदी शेजारी. नाक्यावर गाडी थांबते. आतली बाई शिपायाला सांगते की माझ्या डोक्यात टिकटिक ऐकू येतेय. कुणी लक्ष देत नाही.

आमची भाची घरी सगळं दीडपट वेगानं बघते. पहिल्या मिनिटाला ती मोबाइलमध्ये होती. टिकटिकच्या वाक्याला तिनं मोबाइल उलटा ठेवला आणि विचारलं, “मामा, ती दोघं गाडीपासून लांब का नाही जात?”

हीच तर सगळी करामत आहे. त्या दोघांना लांब जायचं कारणच माहीत नाही, ते आपल्याला माहीत आहे. थ्रिलरचा उस्ताद दिग्दर्शक हिचकॉकनं फ्रेंच दिग्दर्शक फ्रांस्वा त्रुफोला मुलाखत देताना हेच समजावलं होतं. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला न सांगता तो फोडला तर मिळतो पंधरा सेकंदांचा धक्का. आधी सांगून ठेवलं तर तीच फालतू गप्पाटप्पा पंधरा मिनिटं जीव टांगून ठेवते. वेल्सनं तेच केलं, फक्त टेबलाच्या जागी चालती गाडी घेतली. बॉम्बचं घड्याळ आणि पिच्चरचं घड्याळ एकच. मध्ये कट नाही, म्हणजे एक सेकंदही कुठं गाळलेला नाही. आपण नकळत आकडे मोजायला लागतो.

साउंडवाल्यासाठी याच्यात आणखी एक मजा आहे. स्टुडिओनं 1958 साली या शॉटवर कलाकार-तंत्रज्ञांची नावं टाकली आणि हेन्री मँचिनीचं संगीत वाजवलं. वेल्सला ते नको होतं. त्यानं स्टुडिओला 58 पानांचं टिपण लिहिलं होतं, आणि त्यावरून 1998 साली एडिटर वॉल्टर मर्चनं पिच्चर पुन्हा जुळवला. त्यात नावं गेली, वरून चिकटवलेलं संगीत गेलं आणि उरले ते रस्त्याचे आवाज. या बारमधून एक गाणं, त्या दारातून दुसरं, गाडीच्या रेडिओतून तिसरं. दिवाळीच्या आधी नवी पेठेत प्रत्येक दुकानाचा स्पीकर वेगळं ओरडत असतो, तसं. गाडी दिसत नसली तरी कुठं असेल याचा कान अंदाज घेत राहतो.

आणि इथंच थिएटरची पहिली चूक सापडली. रेडिओचं गाणं विहिरीतून आल्यासारखं येत होतं. उठून रॅकवरचा रिसीव्हर (स्पीकरांना आवाज पुरवणारं मशीन) बघितला, तर तो ‘हॉल’ मोडवर. मोनो, म्हणजे एकाच चॅनेलच्या आवाजाच्या पिच्चरला मशीन स्वतःच्या मनानं घुमारा लावत होतं. मुलाला बोलावलं. तो म्हणाला, “काका, ह्याच्यात ‘हॅपी बर्थडे’ भारी वाटतं.” असेल. ‘डायरेक्ट’वर टाकायला लावलं आणि गाव पुन्हा जागेवर आलं. तुम्ही कुठंही गेलात तर आधी हे विचारा. जुना पिच्चर असेल तर नक्कीच.

आवाजाचा दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे, त्यासाठी ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ लावला. कोएन बंधूंचा, 2007 चा. सुरुवातीला पश्चिम टेक्सासचं उजाड माळरान, पहाटेचा उजेड, आणि टॉमी ली जोन्सचा थकलेला आवाज. तो शेरीफ सांगतोय की त्यानं पकडलेल्या एका पोराला विजेच्या खुर्चीवर बसवलं गेलं. संगीत जवळजवळ नाहीच. वारा आहे. हा पिच्चर वाऱ्यावर सुरू होतो.

आम्हाला वारा ऐकूच आला नाही. एसी ऐकू येत होता.

मीटर काढलं. एसी चालू असताना, पडद्यावर काही नसताना, मधल्या सोफ्यावर 47 डेसिबल. आपल्याकडं निवासी भागात रात्रीची कायद्यानं मर्यादा 45. म्हणजे ही खोली रिकामी असतानाच कायदा मोडत होती. एसी बंद केला, 35 वर आली. एप्रिलचा महिना, बाहेर 42 अंश, वरचा मजला, स्लॅब तापलेला. मेहुण्यानं माझ्याकडं असं बघितलं की त्याच्या बहिणीशी लग्न केल्याचा हिशेब आजच होणार.

पण वारा आला. पाठोपाठ ते दृश्यही आलं. डेप्युटीनं एका विचित्र केशरचनेच्या माणसाला बेड्या घालून ठाण्यात आणलंय. त्याच्याजवळ सापडलेली हवेची टाकी आणि नळी कसली ते डेप्युटीला कळत नाही. तो पाठ करून फोनवर बोलतोय, मागं तो माणूस खुर्चीत, जरा अस्पष्ट. आम्ही सगळे फोनवरचं बोलणं ऐकत होतो. माझा मित्र पुटपुटला, “हात बघ त्याचे.” मागचा माणूस शांतपणे उठतो, बसतो, बेड्यांचे हात पायांखालून पुढं घेतो. घाई नाही. डेप्युटी फोनवर सांगतोय की सगळं आटोक्यात आहे. पुढचा खून मी वर्णन करत नाही, पण त्याच्यानंतर कॅमेरा जमिनीवर जातो आणि फरशीवर बुटांच्या टाचांनी उठलेले काळे ओरखडे दाखवतो. पाच-पन्नास ओरखडे, एकमेकांवर. रक्त विसरून जाईन, ते ओरखडे नाही. एवढी धडपड झाली आणि ती मोजायला खोलीत कुणी नव्हतं.

इथं रहस्य असं काहीच लपवलेलं नाही. खुनी कोण, माहीत. कसा दिसतो, माहीत. माहीत नाही ते एवढंच की हा माणूस कशानं थांबेल. सुरुवातीला म्हातारा शेरीफ जे थकून बोलत होता त्याचा अर्थ या ओरखड्यांनी लागतो. या सगळ्यात बेड्यांच्या साखळीचा बारीक आवाज आहे. एसी चालू असता तर तो गेला असता, आणि माझ्या मित्राला सोडून आम्हा चौघांना दृश्य अर्धंच मिळालं असतं.

नंतर एसी चालू केला. माणसं आहोत.

मग अंधाराची परीक्षा. त्यासाठी ‘वो कौन थी?’. राज खोसला, 1964, काळा-पांढरा. (याच राज खोसलांनी दोन वर्षांनी राजा परांजप्यांच्या ‘पाठलाग’वरून ‘मेरा साया’ केला. आपल्या लोकांनी हे विसरू नये म्हणून कंसात टाकतोय.) रात्र, धो धो पाऊस, डॉक्टर मनोज कुमार गाडी चालवतोय. वायपर काच पुसतोय. उजेडात पांढऱ्या साडीतली एक बाई रस्त्यात उभी दिसते. साधना. तो तिला गाडीत घेतो. थोडं पुढं गेल्यावर वायपर बंद पडतो.

याला म्हणतात बांधणी. किंकाळी नाही, सांगाडा नाही, वायपर. काचेवर पाणी साचतं, त्याला रस्ता दिसेना. आणि शेजारी बसलेली ती शांतपणे वळणं सांगते, कारण तिला दिसतंय. त्या एका गोष्टीनं काम झालं. मग तिच्या हातावर रक्त दिसतं, मग तिला उतरायचं असतं ते कब्रस्तानाच्या दाराशी, मग ते फाटक आपोआप उघडतं. माझ्या मते फाटकाची गरज नव्हती. बायको म्हणाली, “फाटक राहू द्या हो, पण मी वायपर थांबला तिथंच पाय वर घेतले.” रिक्लायनरवर पाय आधीच वर होते, तरी तिचं म्हणणं मला समजलं.

आता थिएटर. ‘फ्री’ म्हणून सांगितलेला अंधार हा असा: समोरच्या भिंतीवर निऑनचं ‘हॅपी बर्थडे’, त्याचा प्लग सोफ्यामागं हात घालून मीच काढला. भिंती पांढऱ्याशुभ्र, फोटो चांगले यावेत म्हणून. पडद्यावरचा उजेड भिंतींवर पडून परत पडद्यावरच येतो, त्यामुळं रात्र काळी न दिसता राखाडी दिसते. प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, तो फक्त उजेड कमी करू शकतो. काळा हा खोलीनं द्यायचा असतो. मनोज कुमारच्या गाडीबाहेरची रात्र आमच्याकडं ढगाळ दुपार झाली होती. दोन्ही बाजूंना गडद पडदे सोडले असते तर फार खर्च नव्हता. आणि पायऱ्यांखाली एलईडीची पट्टी आहे. ती आपोआप रंग बदलते. तिचा रिमोट हरवलाय.

त्या पट्टीनं श्रीराम राघवनच्या ‘अंधाधुन’ची (2018) कशी वाट लावली ते ऐका. पुण्यात घडणारा पिच्चर, पण सुरू होतो कोबीच्या शेतात. बंदूकवाला माणूस, कोबी खाणारा ससा, सशाचा एक डोळा गेलेला. हे काय चाललंय, याचा आंधळ्या पियानोवाल्याशी काय संबंध, काही कळत नाही. पाठलाग होतो, गोळी सुटते, पडदा काळा होतो आणि त्या काळ्यावर गाडी आपटल्याचा आवाज येतो. बस्स. मग पिच्चर दुसरीकडंच जातो, आणि तो ससा डोक्याच्या एका कोपऱ्यात तुमची वाट बघत बसतो. शेवटी काय होतं ते न बघितलेल्यांसाठी सोडतो. पण दिसणं-न दिसणं यावरच उभ्या असलेल्या पिच्चरनं पहिल्या काही मिनिटांत तुमचे डोळे काढून घेऊन फक्त कान शिल्लक ठेवावेत, ही कारागिरी आहे.

आमच्याकडं पडदा काळा झाला, गाडी आपटली, आणि बरोबर त्याच क्षणी पायऱ्या गुलाबी झाल्या. भाची हसून हसून आडवी. मीही हसलो, पण मला ते लागलं.

बेसचं कौतुक करायला हवं म्हणून ‘जॉज’ (1975) लावला. जॉन विल्यम्सचे ते दोन सूर. आपल्या भाषेत सा आणि कोमल रे, एवढंच. सावकाश, मग जरा जवळ, मग आणखी जवळ. पाण्याखालून काहीतरी सरकतंय, आणि बघणारा तोच आहे, म्हणजे आपणच. नंतर समुद्रकाठी पोरापोरींची शेकोटी, एक मुलगी पोहायला पळते, मागं येणारा मुलगा दारूनं वाळूत लोळतो. ती ओढली जाते, खेचली जाते, शार्क मासा दिसत नाही. मग पाणी शांत, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या बोयावरची घंटा. इथं थिएटर पास झालं, चांगल्या मार्कांनी. ते दोन सूर छातीत येत होते. सबवूफर, म्हणजे बेसचा स्पीकर, मागच्या कोपऱ्यात भिंतीला चिकटवलाय, त्यामुळं मागच्या रांगेत नुसता गडगडाट होतो. मधल्या रांगेत सूर वेगळे कळतात. हिचकॉकच्या ‘सायको’ची नावंही याच भरात लावली. बर्नार्ड हरमननं त्यात फक्त तंतुवाद्यं वापरलीत, आणि वरच्या पट्टीत इथले स्पीकर जरा किंचाळतात. पण त्या संगीताला किंचाळलेलं चालतं. नावांनंतर गावाचं नाव, वार, तारीख आणि दुपारचे 2:43 असे पडद्यावर उमटतात. एवढी नेमकी वेळ पंचनाम्यात लिहितात, पिच्चरमध्ये नाही, आणि म्हणूनच आपण सावध होतो. कॅमेरा इतक्या खिडक्यांतून एक निवडतो आणि अर्ध्या ओढलेल्या पडद्याखालून आत शिरतो. चोरून बघणारे आपण, हे तिथंच ठरतं.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते ‘सेव्हन’वरून. डेव्हिड फिंचर, 1995. त्यात नावं लगेच येत नाहीत. आधी मॉर्गन फ्रीमन, निवृत्तीला आलेला पोलीस, रात्री गादीवर पडतो आणि उशाशी मेट्रोनोम, म्हणजे ताल धरणारं ठोक्यांचं यंत्र, चालू करतो. बाहेर शहराचा गोंगाट आहे, आणि हा माणूस ठोक्यांवर मन बांधून झोप आणतोय. टक, टक, टक. मला हे दृश्य फार जवळचं वाटतं, मिरवणुकीहून आल्यावर मीही पंख्याच्या आवाजावर झोपतो. आणि मग ती नावं. काइल कूपरनं केलेली. फिल्मवर हातानं खरवडलेली अक्षरं, उड्या मारणारी, आणि मधेमधे कुणाचे तरी हात. वहीत बारीक अक्षरात लिहिणारे, पानं शिवणारे, फोटोंवर काट मारणारे, ब्लेडनं स्वतःच्या बोटांचं कातडं तासणारे. हे हात खुन्याचे, आणि तो पिच्चरमध्ये समोर येतो फार उशिरा. पण या नावांमुळं तो पहिल्यापासून हजर असतो. पोलीस सकाळी उठून कामाला लागण्याआधीच तो कामाला लागलाय.

तेवढ्यात पडद्यावर चित्र पळायला लागलं. हात, वही, ब्लेड सगळं झर्रकन गेलं आणि पोलीस चालताना दिसले. मला वाटलं डिस्क अडकली. दार किलकिलं झालं, काउंटरवरच्या मुलाचं डोकं आत.

“काका, नावं पळवली. आता पिच्चर सुरू.”

“का बे, नावं का पळवलास?”

“बोअर होतंय म्हणून की.”

त्याचा हेतू वाईट नव्हता. बाहेर कन्सोलवर त्याला सगळ्या खोल्यांचे पडदे दिसतात, आणि इतक्या वाढदिवसांत कुणी कधी नावं बघितलेली त्यानं पाहिलंच नसेल. मागं घेऊन परत लावून दिलं. पण कन्सोलवाल्यानं न विचारता पिच्चरला हात लावणं ही माझ्या मते या जागेची सगळ्यात मोठी खोट आहे, एसीपेक्षा मोठी. मी लग्नात मंत्र चालू असताना भटजींचा माइक ‘बोअर’ म्हणून बंद केला तर?

खोट क्रमांक दोन याच्याच घरातली. ऑर्डर दिली की पदार्थ तयार झाल्यावर मुलगा दार उघडून आत येतो. ‘कहानी’ (2012) चालू होता. सुरुवातीला प्रयोगशाळेतले उंदीर, विषारी वायू, काही क्षणांत सगळे निपचित. म्हणजे वायू काय करतो हे आपल्याला कळलं. पुढचं दृश्य कोलकात्याच्या मेट्रोत, खच्चून भरलेला डबा, घाम, पिशव्या, आणि आता आपण प्रत्येक पिशवीकडं संशयानं बघतोय. बॉम्बच्या गाडीचाच हा भाऊ, फक्त इथं डिकी कुठली ते सांगितलेलं नाही. नेमक्या त्या गर्दीत दार उघडलं, कॉरिडॉरचा पांढरा उजेड पडद्यावर आडवा पडला आणि “पनीर रोल कुणाचा?” मेहुण्याचा होता. रोल बरा होता, मसाला जास्त. चहा खरंच उत्तम, आल्याचा, कागदी कपातला असूनही. पॉपकॉर्न कुरकुरणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटात देतात. कागदी डब्यात द्या, एवढी विनंती लिहून आलोय.

‘तीसरी मंझिल’ राहून गेला. स्लॉट संपायला पाच मिनिटं असताना दिवे आपोआप लागतात आणि ‘थँक यू’चं गाणं वाजतं, त्याला काही इलाज नाही. 1966 चा तो पिच्चर विजय आनंदनं रात्रीच्या पळापळीनं आणि वरून पडलेल्या बाईनं सुरू केलाय, वर आर. डी. बर्मनचं संगीत. मित्राला तो पडदाभर बघायचा होता. पुढच्या वेळी पहिला तोच.

जाताना मालक भेटले. तरुण आहेत, ऐकून घेतलं, तोंड वाकडं केलं नाही. एसीचा इनडोअर युनिट सोफ्याच्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर न्यावा आणि सर्व्हिसिंग करून घ्यावं, असं सुचवलं. पंख्याचं बेअरिंग वाजतंय हे मला बसल्याजागी कळत होतं. एलईडी पट्टीला साधा स्विच लावतो म्हणाले. भिंतींवर सोडायच्या गडद पडद्यांचं “बघू” म्हणाले, म्हणजे नाही.

कुणी जाणार असेल तर एवढं करा. शनिवार-रविवार टाळा, शेजारच्या खोलीतला वाढदिवस भिंतीतून येतो. सकाळचा पहिला स्लॉट घ्या, स्लॅब तापलेला नसतो, एसी कमी वेगावर चालतो. मधल्या रांगेत बसा. रिसीव्हर ‘डायरेक्ट’वर टाकून घ्या. खायचं सगळं आधी मागवून ठेवा आणि मुलाला सांगा की आम्ही हाक मारल्याशिवाय दार उघडू नको आणि कन्सोलला हात लावू नको. गोड बोलून सांगितलं तर ऐकतो. निऑनचा प्लग सोफ्याच्या डाव्या हाताला, खाली.